पंप-प्रोब स्कॅन नीट कसा घ्यायचा: टाइम झिरोपासून क्लस्टरच्या फिटपर्यंत

पंप-प्रोब म्हणजे एका लेझर पल्सने (पंप) रेणू उत्तेजित करायचा आणि थोड्या वेळाने दुसऱ्या पल्सने (प्रोब) त्याचं काय झालं ते बघायचं; दोघांमधलं अंतर बदलत घेतलेली मोजमापं म्हणजे स्कॅन. हे लिहायला घेतलं कारण नवीन पीएचडीवाल्या मुलामुलींचे स्कॅन बघताना तेच तेच दिसतं. लाइफटाइम (उत्तेजित अवस्था किती वेळ टिकते तो आकडा) काढलेला असतो, त्यावर एरर बार पण असतो, पण टाइम झिरो (दोन्ही पल्स एकदम पोचतात तो बिंदू) कुठून आला असं विचारलं की उत्तर येतं "फिटमधून आला". पंप एकट्याचा सिग्नल किती होता? "वजा केला होता." पॉवर डिपेन्डन्स, म्हणजे पल्सची ऊर्जा बदलली की सिग्नल किती बदलतो? "नंतर घेणार होतो." आणि मग सहा महिन्यांनी कळतं की तो आकडा रेणूचा नव्हताच, खिडकीच्या काचेचा होता. मेहनत कुणीच कमी करत नाही, क्रम चुकतो. म्हणून इथे क्रमावरच जास्त लिहितोय.

सेटअप कुठला धरलाय ते आधी सांगतो. ८०० नॅनोमीटरचा, १ किलोहर्ट्झचा टायटॅनियम सफायर लेझर, ३५ फेमटोसेकंदांच्या आसपास पल्स. त्याचा तिसरा हार्मोनिक म्हणजे २६७ नॅनोमीटर हा पंप, तो रेणूला उत्तेजित अवस्थेत नेतो. उरलेला ८०० किंवा त्याचा दुसरा हार्मोनिक ४०० हा प्रोब, तो थोड्या वेळाने येऊन त्या उत्तेजित रेणूचा इलेक्ट्रॉन काढतो. व्हॅक्यूममध्ये थंड मॉलिक्युलर बीम (रेणूंचा झोत, पुढे जेट म्हणतो तो), टाइम-ऑफ-फ्लाइट नळी (आयन वजनाप्रमाणे वेगवेगळ्या वेळी पोचवणारी), शेवटी एमसीपी, म्हणजे मायक्रोचॅनल प्लेट डिटेक्टर. दोन पल्समधलं अंतर बदलत जायचं आणि आयन मोजायचे, बस एवढंच तत्त्व आहे. द्रावणात काम करणाऱ्यांनाही टप्पा २ ते ४ आणि ७, ८ बरेचसे लागू पडतील.

सावधान: हा क्लास ४ लेझर आहे. ८०० नॅनोमीटर डोळ्याला जेमतेम लालसर दिसतो आणि २६७ दिसतच नाही, त्यामुळे "दिसत नाही म्हणजे कमी आहे" असं डोक्यात आणूच नका. गॉगल दोन्ही तरंगलांबींना चालणारा आहे का ते त्याच्या काडीवर छापलेलं वाचा. घड्याळ, अंगठी, कडं काढून ठेवा, आणि खाली पडलेला स्क्रू उचलायला वाकताना बीमच्या उंचीवर डोळे नेऊ नका, आधी शटर बंद करा.

## टप्पा १: लेझर चालू करायच्या आधी कागदावर हिशोब

ऊर्जेची शिडी काढा. ८०० चा एक फोटॉन १.५५ इलेक्ट्रॉन व्होल्ट, ४०० चा ३.१, २६७ चा ४.६५. आता तुमच्या रेणूची आयनीकरण ऊर्जा त्या शेजारी लिहा. फिनॉल घेतलं तर ती साधारण ८.५ आहे. पंपने ४.६५ वर नेलं, राहिले ३.८५, म्हणजे ८०० चे तीन फोटॉन लागणार नाहीतर ४०० चे दोन. ही संख्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, पुढे टप्पा ६ आणि ८ मध्ये दोनदा लागणार आहे.

शिडीवरून अजून एक गोष्ट लगेच दिसते जी बरेच जण सिग्नल दिसल्यावर शोधतात. पंपचे दोन फोटॉन मिळून ९.३ होतात, आणि फिनॉल, इंडोल, अॅनिलीनच काय बेंझीनसुद्धा, जे ९.२४ ला आहे, त्याखाली येतात. म्हणजे पंप एकटाच या रेणूंना आयन करणार, प्रोब असो नसो. हे बॅकग्राउंड शून्य होणार नाही, तुम्ही फक्त ते लहान ठेवू शकता.

मग तीव्रतेचा अंदाज. समजा पंप २ मायक्रोजूल, पल्स १०० फेमटोसेकंद, फोकसवर स्पॉटचा व्यास १०० मायक्रोमीटर. हे चौरस सेंटिमीटरला जवळपास ५ गुणिले १० चा ११वा घात एवढे वॅट होतात. त्याच स्पॉटमध्ये २० मायक्रोजूलचा ४० फेमटोसेकंदी ८०० टाकला तर १० चा १३वा घात ओलांडतो. या पट्ट्यात अजून तुलनेने सुरक्षित आहात, पण १० चा १४वा घात आला की प्रोब स्वतःच्या जोरावर रेणू फोडायला लागतो आणि मग उत्तेजित अवस्थेची चौकशी राहते बाजूला. जोरात सिग्नल मिळतो म्हणून फोकस घट्ट करत जायचा मोह सगळ्यांना होतो. करू नका.

## टप्पा २: पल्स रेणूपर्यंत पोचते तेव्हा किती लांब असते

लेझरच्या तोंडाशी ३५ फेमटोसेकंद मोजले म्हणजे चेंबरमध्ये ३५ पोचले असं नाही. वाटेतली प्रत्येक काच पल्सला ताणते, आणि अतिनीलमध्ये फार ताणते. ५ मिलिमीटर फ्यूज्ड सिलिकातून ८०० ची ३५ फेमटोसेकंदांची पल्स गेली तर बाहेर ३८ निघते, काही वाटत नाही. तीच लांबी २६७ वर असेल तर बाहेर ८५ च्या आसपास निघते! तीच काच आणि तीच जाडी.

म्हणून पंपच्या वाटेत लेन्सऐवजी अंतर्गोल आरसा वापरा, चेंबरची खिडकी जमेल तितकी पातळ ठेवा (१ मिलिमीटरची छोट्या व्यासात व्हॅक्यूम सांभाळते, पण त्या व्यासासाठी हिशोब करून मगच बसवा), आणि शक्य असेल तर अतिनीलसाठी कॅल्शियम फ्लोराइड घ्या, ते कमी ताणतं. तेवढ्यानेही भागत नसेल तर प्रिझम कॉम्प्रेसर लावावा लागतो, पण तो लावायच्या आधी वाटेतली अनावश्यक काच काढलीय का ते बघा, मी असे सेटअप पाहिलेत जिथे एकाच बीममध्ये न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर, वेव्हप्लेट आणि लेन्स तिन्ही होते आणि वर कॉम्प्रेसरची मागणी चालू होती.

ऑटोकोरिलेटर (पल्सची लांबी मोजायचं यंत्र) वापरत असाल तर स्क्रीनवर दिसणारी रुंदी ही पल्सची लांबी नसते. गाउसियन आकार धरला तर तिला १.४१ ने भागायचं, सेक-स्क्वेअर धरला तर १.५४ ने. कुठला आकार धरला ते वहीत लिहा. ही चूक मी थीसिसमध्ये छापलेली बघितलीय.

तपासणी: पंप आणि प्रोबच्या वाटेतल्या प्रत्येक काचेची यादी, तिची जाडी आणि पदार्थ वहीत आहे का? नसेल तर आत्ता करा. टप्पा ४ मध्ये ती नसेल तर आंधळी कोशिंबीर होते.

## टप्पा ३: दोन स्पॉट एकावर एक, आणि स्टेज सरळ

बीम चेंबरमध्ये जायच्या आधी एक आरसा किंवा काचेची चकती टाकून त्यांना बाहेर वळवा आणि फोकसइतक्याच अंतरावर कॅमेरा ठेवा. कॅमेऱ्यात दोन्ही स्पॉट बघा. पंपचा स्पॉट प्रोबपेक्षा थोडा मोठा हवा, म्हणजे प्रोब जिथे जिथे बघतो तिथे सगळीकडे पंपची तीव्रता साधारण सारखी असते. उलटं केलंत तर प्रोबच्या कडेला न उत्तेजित झालेले रेणू फुकट बॅकग्राउंड देत राहतात.

कॅमेरा नसेल तर १०० मायक्रोमीटरचं पिनहोल चालतं, फक्त दोन्ही बीमसाठी ते हलवायचं नाही, बीम हलवायचे.

आता स्टेज, म्हणजे आरसे सरकवून एका बीमची वाट लांब-आखूड करणारी सरकपट्टी. दुहेरी मार्ग असतो, स्टेज १ मायक्रोमीटर सरकली की प्रकाश २ मायक्रोमीटर जास्त चालतो, म्हणजे ६.६७ फेमटोसेकंद. १ मिलिमीटरला ६.६७ पिकोसेकंद, १५० मिलिमीटरची स्टेज म्हणजे १ नॅनोसेकंद. हा दोनचा गुणक सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी आधीच घातलेला असतो आणि मग नवीन माणूस विश्लेषणात परत घालतो, त्यामुळे लाइफटाइम बरोब्बर दुप्पट येतो. सॉफ्टवेअर उघडून बघा, कुणाला विचारून भागवू नका.

दिशा पण बघा. स्टेज पुढे गेली की पंप लवकर येतो की प्रोब? स्टेज कुठल्या बाहूत बसवलीय त्यावर ते ठरतं, आणि दर वेळी कुणी ना कुणी उलटं धरतंच.

बॅकलॅश (दिशा बदलताना स्टेजची ढिलाई) काही मायक्रोमीटरचा असला तरी २०-३० फेमटोसेकंद गेले, तेव्हा प्रत्येक बिंदूवर एकाच बाजूने पोचायची सवय ठेवा.

तपासणी: कॅमेरा फोकसवर ठेवून स्टेज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेऊन बघा. स्पॉट त्याच्या व्यासाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त सरकला तर स्टेजवरच्या रेट्रोरिफ्लेक्टरमध्ये (बीम आला त्याच दिशेला परत पाठवणारे आरसे) जाणारा बीम स्टेजच्या प्रवासाला समांतर नाहीये. हे दुरुस्त न करता लांबचा स्कॅन घेतलात तर ओव्हरलॅप हळूहळू सुटतो आणि डेटात एक सुंदर, गुळगुळीत, शंभर पिकोसेकंदांचा डीके (सिग्नल हळूहळू पडत जाणं) दिसतो. तो रेणूचा नसतो.

## टप्पा ४: टाइम झिरो, रेणू आणायच्या आधी

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि सगळ्यात जास्त घाई पण इथेच होते.

ढोबळ. फोकसजवळ फास्ट फोटोडायोड ठेवा, ऑसिलोस्कोपवर आधी पंप बघा, मग तो अडवून प्रोब बघा. तोच डायोड, तीच केबल, तोच ट्रिगर. दोन्ही कडांमधला फरक स्टेज हलवून आणि गरज पडली तर आरसे सरकवून १०० पिकोसेकंदांच्या आत आणा. म्हणजे स्टेजवर तुम्हाला १५ मिलिमीटरच्या पट्ट्यात शोधायचं राहिलं.

मधला. चेंबरच्या बाहेर, वळवलेल्या बीममध्ये पातळ बीबीओ (बेरियम बोरेट) क्रिस्टल, जे दोन रंगांपासून तिसरा बनवतं. २६७ मधून ८०० वजा झाला की ४०० निघतो, निळा, आणि त्यासाठी तुम्ही तिसरा हार्मोनिक बनवायला वापरता त्याच कापाचं क्रिस्टल चालतं. क्रिस्टलमागे पांढरा कागद धरा, ८०० चा स्वतःचा दुसरा हार्मोनिक पण निळाच असतो म्हणून दोन बीम थोड्या कोनात आणा, मग हवा तो निळा ठिपका २६७ च्या पलीकडे, ८०० च्या उलट बाजूला वेगळा दिसतो. स्टेज हळू सरकवायची, खोलीतले दिवे बंद, आणि एका जागी तो ठिपका कागदावर पेटतो, दोन-तीन पायऱ्या पुढे गेलं की विझतो. पहिल्यांदा तो दिसला की जागचं हलवत नाही माणसाला. पण क्रिस्टल जाड असेल तर रुंदी खोटी येते, ०.१ मिलिमीटरच्या आसपासचं घ्या.

इथली मोठी चूक: बाहेरच्या बीमने चेंबरची खिडकी ओलांडलेली नसते. फ्यूज्ड सिलिकात २६७ हा ८०० पेक्षा बराच हळू चालतो, १ मिलिमीटर काचेमागे दोघांत जवळपास अर्धा पिकोसेकंद फरक पडतो. ३ मिलिमीटरची खिडकी म्हणजे दीड पिकोसेकंद. म्हणून क्रिस्टलच्या आधी तशीच, तितक्याच जाडीची एक खिडकी ठेवा.

आमच्याकडे एकदा खिडकी बदलली होती, ३ ऐवजी ५ मिलिमीटरची बसवली, बदलणाऱ्याने वहीत लिहिलं नाही. टाइम झिरो १ पिकोसेकंद सरकला. आम्ही जुन्या जागेच्या आजूबाजूला २०० फेमटोसेकंदांच्या पट्ट्यात दोन दिवस बारीक पायऱ्यांनी शोधत बसलो, व्हॉल्व्ह बदलला, डिटेक्टरवर संशय घेतला, आणि शेवटी कुणीतरी कॅलिपर घेऊन उरलेली जुनी खिडकी मोजली तेव्हा उलगडा झाला. काचेची यादी ठेवा म्हणतो ते यासाठी.

बारीक. आता चेंबरमध्ये झेनॉन सोडा. झेनॉनला १२.१३ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, २६७ चे दोन आणि ८०० चे दोन मिळून १२.४ होतात, म्हणजे दोन्ही पल्स एकत्र असतानाच हा आयन सहज बनतो, मध्ये कुठेही थांबायला उत्तेजित अवस्था नाही. डिलेसमोर झेनॉन आयन मांडले की सममित टेकडी येते, तिचा माथा म्हणजे टाइम झिरो. पंपचे तीन फोटॉन एकटे पण झेनॉन आयन करू शकतात, आणि ८०० एकटा आठ फोटॉन घेऊन करू शकतो, म्हणून दोन्हींची ताकद एवढी उतरवा की एकट्याने जवळपास काहीच दिसू नये.

आता रुंदीची गोम, जी फार कमी जण पाळतात. झेनॉनमध्ये दोन अधिक दोन फोटॉन लागतात, त्यामुळे ही टेकडी खऱ्या प्रतिसादापेक्षा (तुमच्या रेणूच्या सिग्नलला दोन्ही पल्समुळे येणारी वेळेतली रुंदी) अरुंद असते. पंप ८५ आणि प्रोब ४० फेमटोसेकंद धरा. झेनॉनमध्ये रुंदी ६६ दिसेल. पण तुमच्या रेणूत पंपचा एक आणि प्रोबचा एक फोटॉन लागत असेल तर खरा प्रतिसाद ९४ आहे, आणि वर फिनॉलचं बघितलं तसं एक अधिक तीन असेल तर ८८. फिटमध्ये ६६ गोठवलंत तर उरलेली रुंदी कुठेतरी जाणारच, आणि ती एका नव्या, चटकन संपणाऱ्या "अवस्थे"च्या रूपात बाहेर येते.

तपासणी: झेनॉनची टेकडी सममित आहे का? एका बाजूला शेपूट असेल तर पल्समध्येच शेपूट आहे. पुढे जाऊ नका, कॉम्प्रेसर बघा.

## टप्पा ५: जेट आणि क्लस्टर

व्हॅक्यूमचं काम आदल्या दिवशीच लावून ठेवायचं असतं. एमसीपीला व्होल्टेज द्यायच्या आधी डिटेक्टरच्या चेंबरचा दाब १० चा उणे ६वा घात टॉरच्या खाली पाहिजे, आणि बराच वेळ बंद असलेली प्लेट असेल तर व्होल्टेज टप्प्याटप्प्याने चढवा. घाईत ठिणगी उडाली की प्लेट गेली, आणि नवीन यायला किती महिने लागतात ते सगळ्यांना माहितीय.

व्हॉल्व्ह आणि लेझर जुळवताना गॅसचा प्रवास धरा. नोझलपासून लेझरपर्यंत २०० मिलिमीटर असेल तर हेलियम जेट साधारण ११५ मायक्रोसेकंदात पोचतो, अरगॉन जेटला साडेतीनशेच्या वर लागतात. गॅसची बाटली बदलली आणि डिले तोच ठेवला तर सिग्नल गायब होतो आणि लोक आरसे फिरवायला लागतात. आधी व्हॉल्व्हची वेळ बघा, आरशांना हात लावायच्या आधी.

गॅस पल्सच्या आत पण सगळं सारखं नसतं. पुढच्या कडेला सुटे रेणू जास्त, मध्यभागी क्लस्टर (एकमेकांना चिकटलेले रेणू) जास्त, त्यामुळे व्हॉल्व्हची वेळ हेही क्लस्टरच्या आकाराचं बटण आहे. दाब वाढवला, नोझल थंड केलं, हेलियमऐवजी अरगॉन घेतला की क्लस्टर मोठे होत जातात.

आता मुख्य मुद्दा. मास स्पेक्ट्रममधला पीक म्हणजे मूळ क्लस्टर नव्हे. पाण्याचे क्लस्टर आयन केले की पीक १९, ३७, ५५ वर येतात, १८, ३६, ५४ वर नाही. प्रत्येकात एक प्रोटॉन जास्त आहे, कारण आयन झाल्या झाल्या शेजारच्या रेणूकडून प्रोटॉन उचलला जातो आणि उरलेला तुकडा उडून जातो. म्हणजे १९ चा पीक किमान दोन रेणूंच्या क्लस्टरचा, आणि बऱ्याचदा त्याहून मोठ्याचा. अमोनियाचंही तसंच, १८ आणि ३५. तेव्हा "१९ च्या पीकवर मोजलेला लाइफटाइम हा एकट्या पाण्याच्या रेणूचा" असं लिहिणं साफ चूक.

हे कसं तपासायचं? दाब हळूहळू कमी करत जा. तुमच्या पीकच्या वरचे सगळे पीक नाहीसे होईपर्यंत उतरवा आणि तिथे परत एक छोटा स्कॅन घ्या. डीके बदलला तर आधीच्या स्कॅनमध्ये मोठ्या क्लस्टरचे तुकडे मिसळलेले होते. नाही बदलला तर थोडं निश्चिंत व्हा. सिग्नल कमी असतो म्हणून हा स्कॅन कंटाळवाणा होतो, चार-पाच तास जातात, पण हा एक स्कॅन नसेल तर क्लस्टरच्या आकाराबद्दल कुठलंच वाक्य लिहायचा अधिकार आपल्याला नाही, असं माझं ठाम मत आहे.

## टप्पा ६: पॉवर डिपेन्डन्स, स्कॅनच्या आधी

टाइम झिरोपासून थोडं पुढे, समजा २०० फेमटोसेकंदांवर स्टेज थांबवा. प्रोब तसाच ठेवून पंपची ऊर्जा पाच-सहा पायऱ्यांत बदला. पंप एकट्याचा आणि प्रोब एकट्याचा सिग्नल वजा करून दोन्ही अक्षांवर लॉग घेऊन मांडा. उतार १ आला पाहिजे. २ कडे झुकला तर तुम्ही पहिल्या उत्तेजित अवस्थेचा अभ्यास करत नाही आहात, पंपचे दोन फोटॉन घेऊन भलत्याच उंचीवर गेलेल्या रेणूचा किंवा आयनाचाच करताय. मग पंप उतरवा, सिग्नल अर्धा झाला तरी चालेल.

तेच प्रोबसाठी. उतार टप्पा १ मधल्या संख्येशी जुळतो का? ८०० साठी तीन अपेक्षित असताना दीड आला तर कुठेतरी संपृक्तता आलीय, नाहीतर मधली एखादी अवस्था अनुनादात आहे.

ध्रुवीकरण पण इथेच ठरवून टाका. थंड जेटमधले रेणू पंपने एका दिशेने निवडले जातात आणि मग फिरून विखुरतात, त्यामुळे पहिल्या काही पिकोसेकंदांत सिग्नल आपोआप बदलतो, अवस्था जिवंत असली तरी. समांतर ध्रुवीकरणात घेतलेला असा उतार लोक लाइफटाइम म्हणून छापतात. पंप-प्रोबमध्ये ५४.७ अंश ठेवा. प्रोबला एकाहून जास्त फोटॉन लागत असतील तर हा कोन सगळं पुसत नाही, म्हणून समांतर आणि काटकोन असे दोन्ही स्कॅन घेऊन तुलना करा.

## टप्पा ७: खरा स्कॅन

आता कुठे रेणूचा स्कॅन. टाइम झिरोच्या आधी निदान ५०० फेमटोसेकंदांपासून सुरू करा, बेसलाइन सपाट दिसली पाहिजे. शून्याजवळ पायरी प्रतिसादाच्या रुंदीच्या तिसऱ्या भागाएवढी, म्हणजे वरच्या उदाहरणात ३० फेमटोसेकंद, पुढे लांब पायऱ्या, आणि अंदाजे लाइफटाइमच्या पाचपट पुढपर्यंत जा.

डिले क्रमाने घेऊ नका, विस्कटून घ्या. एकाच लांब स्कॅनऐवजी वीस छोटे स्कॅन, प्रत्येक वेगळा सेव्ह केलेला. कारण सांगतो. एकदा डेटात टाइम झिरोनंतर छान लाटा दिसल्या, आम्हाला वाटलं कंपनाचा वेव्हपॅकेट, म्हणजे रेणूचं तालातलं कंपन सापडलं, संध्याकाळी पेढे यायचे बाकी होते. एका सहकाऱ्याने तेच आकडे डिलेऐवजी घड्याळाच्या वेळेसमोर मांडले, तर लाटेचा कालावधी खोलीतल्या एसीचा कॉम्प्रेसर चालू-बंद व्हायच्या वेळेशी तंतोतंत जुळला. तापमानाबरोबर बीम हलत होता, ओव्हरलॅप कमीजास्त होत होता, आणि आम्ही डिले क्रमाने घेतल्यामुळे घड्याळाची वेळ आणि डिले एकच झाले होते. विस्कटून घेतलं असतं तर लाट नुसता गोंगाट होऊन पसरली असती. मुंबई-पुण्याकडच्या लॅबमध्ये पावसाळ्यात दमटपणाचंही बघावं लागतं, बीबीओ ओलावा धरतं, ते सुक्या जागी ठेवा आणि वापरात नसताना डेसिकेटरमध्ये.

प्रत्येक डिलेवर चार मोजमापं: दोन्ही बीम, फक्त पंप, फक्त प्रोब, दोन्ही बंद. चॉपर (बीम ठराविक शॉटना अडवणारी फिरती चकती) असेल तर दर दुसरा शॉट पंपशिवाय घ्या. सकाळी एकदा बॅकग्राउंड घेऊन तेच दिवसभर वजा करायचं, हे नको.

आयन किती मोजले तेही बघा. १०० आयन असलेल्या बिंदूवर चूक १० टक्के, १०,००० वर १ टक्का. याउलट एका शॉटमध्ये फार आयन पडत असतील तर एमसीपी संपृक्त होतो आणि मोठे पीक खोटे चपटे दिसतात. इलेक्ट्रॉन मोजत असाल तर अजूनच जपून, आयनांचा ढग दाट झाला की इलेक्ट्रॉनचा वेग बदलतो आणि स्पेक्ट्रम सरकतो.

तपासणी: शून्याच्या उणे बाजूला काही डीके आहे का? असेल तर तुमचा "प्रोब" आधी येऊन रेणूला उत्तेजित करतोय आणि "पंप" त्याला आयन करतोय. २०० नॅनोमीटरसारखा अतिनील प्रोब असला की हे हमखास होतं. ते फिटमध्ये वेगळं घ्या, कापून टाकू नका.

## टप्पा ८: फिट

टाइम झिरो झेनॉनमधून आलेला, रुंदी फोटॉनसंख्येनुसार दुरुस्त केलेली, दोन्ही गोठवा. हे दोन मोकळे सोडलेत तर फिट सुंदर बसतो आणि छोटा लाइफटाइम त्यांच्यात विरघळून जातो, किंवा त्यांच्यातून नसलेला एक जन्माला येतो. टाइम झिरोला फार तर ±१० फेमटोसेकंदांची मोकळीक द्या आणि ती दिली असं लिहा.

मग डेटावर एक घातांकी बसवा, प्रतिसादाच्या गाउसियनशी कन्व्होल्यूट केलेली, म्हणजे तेवढ्या रुंदीने पसरवलेली. उरलेला फरक बघा. त्यात आकार दिसत असेल तरच दुसरी घाला. तिसरी घालायच्या आधी डेटा अर्धा करून दोन्ही अर्ध्यांवर तोच आकडा येतो का बघा.

प्रतिसादाच्या तिसऱ्या भागाहून छोटा लाइफटाइम आला तर त्याला "यापेक्षा कमी" एवढंच म्हणा. पायराझिनची दुसरी उत्तेजित अवस्था साधारण २२ फेमटोसेकंदांत रिकामी होते, हे मोजायला त्याच तोलाच्या छोट्या अतिनील पल्स लागल्या. ९४ च्या प्रतिसादाने तो आकडा काढू नये.

डीके म्हणजे अवस्था संपली असंही धरू नका. रेणू ताणला गेला, त्याची ऊर्जा कंपनात गेली, आणि आता आयनापर्यंत पोचायला प्रोबचे फोटॉन अपुरे पडायला लागले तरी सिग्नल पडतो. उत्तेजित रेणू तिथेच आहे, तुमच्या प्रोबच्या ऊर्जेच्या खिडकीतून दिसेनासा झालाय. प्रोबची ऊर्जा वाढवून परत मोजा. ४०० ने दिसणारा डीके २०० ने लांबला तर खिडकीचाच प्रश्न होता.

आणि दोन लाइफटाइम म्हणजे दोन पायऱ्या असं पण लगेच नको. ७-अॅझाइंडोलचा डायमर (दोन रेणूंची जोडी) यासाठी वाचावा: १९९५ मध्ये फेमटोसेकंद रसायनशास्त्रातले अहमद झेवेल यांच्या गटाने त्यात ६५० फेमटोसेकंद आणि ३.३ पिकोसेकंद असे दोन आकडे मोजले आणि दोन प्रोटॉन एकामागून एक सरकतात असा अर्थ लावला, त्यावर दोन्ही एकदमच सरकतात असं म्हणणाऱ्यांशी वर्षानुवर्षं वाद चालला. आकड्यांवरून कमी आणि अर्थावरून जास्त. तुमच्या लेखात आकडा आणि अर्थ वेगवेगळ्या परिच्छेदात ठेवा, म्हणजे अर्थ बदलला तरी आकडा कामाचा राहतो.

## दिवस संपताना

लेझर बंद करायच्या आधी परत झेनॉन सोडा आणि परत ती टेकडी घ्या. सकाळच्या आणि संध्याकाळच्या टाइम झिरोत २० फेमटोसेकंदांपर्यंत फरक असेल तर मधल्या छोट्या स्कॅनना वेळेच्या प्रमाणात थोडं थोडं सरकवून दुरुस्त करता येतं, म्हणूनच ते वेगवेगळे सेव्ह करायला सांगितले. ५० हून जास्त असेल तर छोट्या लाइफटाइमसाठी तो दिवस सोडून द्या, लांबच्या डीकेसाठी वापरा. वहीत लिहायचं: दोन्ही टाइम झिरो, दोन्ही ऊर्जा, व्हॉल्व्हचा दाब आणि वेळ, खोलीचं तापमान, आणि आज कुठली काच, फिल्टर किंवा वेव्हप्लेट बदलली. काही बदललं नसेल तर "बदल नाही" असं लिहून तारीख घाला.